चांदणीचं वरचं टोक

“पाळकसाहेब, वसतिगृहातल्या मुलांना आपण दर नाताळात नवे कपडे देतो, फराळाचे डबे देतो, त्यांच्याबरोबर फोटो काढतो. पण सणाला त्यांना घरी का नेत नाही कुणी?”

हा प्रश्न माझा नव्हता. रिबिका आणि प्राची या माझ्या मैत्रिणींनी मला चढवून चढवून तो माझ्या तोंडी दिला होता. “वक्तृत्वात ढाल आणलीस ना, मग विचार की भर मंडळीत. का फक्त शाळेतच जीभ चालते?” मी तेव्हा नववीत होते. सातवीपर्यंत पाहुणे आले की कपाटाच्या आडोशाला जाणारी मी, त्या वर्षी मला एकदम आवाज फुटला होता. आणि नवी सायकल मिळाली की माणूस जसं कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा सायकलवरच जातं, तसं माझं झालं होतं. कुठेही उठायचं आणि बोलायचं.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चर्चमधल्या बायकांच्या रांगेत माझी आई मान खाली घालून बसली होती.

“प्रश्न चांगला आहे,” पाळकसाहेब म्हणाले. “स्तुती पाटोळे, तू नेतेस का?”

“नेते की,” मी म्हणाले.

मागून प्राचीचा दाबलेला हसण्याचा आवाज आला. मी खाली बसले तेव्हा माझे कान तापले होते, पण मनातून मी भलतीच खूश होते.

घरी आल्यावर आईनं चप्पल काढायच्या आधी विचारलं, “घराला विचारलंस का, घरात कोण राहणार ते?”

“तू नाही म्हणणार आहेस का?”

“आता काय नाही म्हणू? सगळ्या नगरानं ऐकलंय.” मग तिनं डब्यातला मैदा मोजून बघितला. “करंज्या जास्त कराव्या लागतील. तू लाटणार आहेस.”

बाबा एसटीत ड्रायव्हर. ते ड्यूटीवरून आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “दोन लेकरं म्हणजे काय ओझं आहे का.” आजोबा असते तर त्यांनी मला खांद्यावर थोपटलं असतं. पण आजोबांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं, आणि आमच्या घरात त्यांच्याबद्दल बोलायची रीत अजून बसली नव्हती.

असे लिदिया आणि शमू आमच्याकडे आले. लिदिया सहा वर्षांची, पहिलीत. शमू चारचा. एवढी लहान पोरं वसतिगृहात घेत नाहीत, पण त्याला दुसरं ठेवायचं कुठं म्हणून तिथल्या बाईंनी घेतला होता. त्यांची आई, यमुनाताई, पुण्याला एका अंथरुणावरच्या आजीबाईंना सांभाळायची. रात्रंदिवस तिथंच राहायचं. वसतिगृहाच्या बाईंनी तिला फोन करून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, चोवीस तारखेला सुट्टी मिळाली आहे, मी थेट पाटोळ्यांच्याच घरी येते, नाताळ तिथंच करू. बाईंनी मुलांना सोडलं ते त्या शब्दावर.

पहिल्या दिवशी लिदियानं दारात विचारलं, “ताई, चपला नंबरावर ठेवायच्या का?”

“कुठंही टाक.”

तिनं दोघांच्या चपला भिंतीला चिकटवून एका रेषेत ठेवल्या. दुपारी आई भाकरी थापत होती तर ही ताटली घेऊन ओट्याशी उभी, आणि हिच्या मागं ताटली घेऊन शमू. दोघांचीच रांग. आईनं वळून बघितलं आणि भाकरी तव्यावर करपली.

“अगं, खाली बसायचं,” आई म्हणाली. “इथं वाढतात.”

शमू बोलायचाच नाही. बहिणीच्या फ्रॉकचं टोक धरून तो घरभर फिरायचा. लिदिया मात्र पहिला दिवस गेल्यावर सुटली. हे काय, ते काय, हे कुणाचं, ते कशाला. मला तर बरोबरीची बडबडी मिळाल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी माळ्यावरून नाताळात अंगणात टांगायच्या चांदणीचा सांगाडा काढला.

आमची चांदणी विकतची नाही. बांबूच्या कामट्यांचा हा सांगाडा आजोबांनी बाबांच्या लहानपणी बांधला. दर नाताळात त्यावर नवा पांढरा पतंगी कागद चिकटवायचा, आणि मग घरातल्या प्रत्येकानं कपड्यांच्या निळीत हात बुडवून आपापल्या टोकावर उमटवायचा. आईचं डावं टोक, बाबांचं उजवं, माझं खालचं डावीकडचं, वरचं आजोबांचं. खालचं उजवीकडचं पाहुण्यांसाठी राखलेलं. सणाला जो कुणी घरी असेल त्याचा हात तिथं. नाताळात आमच्या घरच्यांचे तळवे निळे असतात. शाळेत मला त्यावरून लहानपणी चिडवायचे, मोठी झाल्यावर मीच तो हात मिरवायला लागले.

आईनं मैद्याची खळ शिजवून दिली. “वरचं टोक कोरंच राहू दे,” ती मला हळूच म्हणाली आणि करंज्यांच्या सारणाकडे गेली.

आम्ही अंगणात वर्तमानपत्रं पसरून बसलो. मी कागद कापला, लिदियानं कामटीवर बोटानं खळ लावली, आणि शमूनं ती चाटून बघितली.

“शमू, थू कर.”

“गोड नाही,” शमू म्हणाला. त्याचं आमच्या घरातलं ते पहिलं वाक्य.

कागद वाळल्यावर मी पाहुण्यांच्या टोकावर दोघांचे हात उमटवून घेतले. मोठा तळवा लिदियाचा, त्याच्या पोटात शमूचा. शमूला निळ्या हाताचं इतकं कौतुक वाटलं की तो हात अंगापासून लांब धरून चालायला लागला, जणू तो दुसऱ्याचा होता.

“हात कशापायी लावायचे?” लिदियानं विचारलं.

आता मला कुणी असं विचारावं आणि मी थोडक्यात सांगावं, हे शक्य नव्हतं. “आमच्या आजोबांचा नियमच आहे. चांदणीवर ज्याचा हात उमटला, तो माणूस नाताळच्या जेवणाला घरी येतोच. एकदा काय झालं, बाबांची गाडी घाटात बंद पडली. दुसरी गाडी नाही, काही नाही. आई म्हणाली, आता कसले येतात. आणि पानं वाढायला घेतली तर दारात बाबा. कांद्याच्या ट्रकात बसून आलेले. अख्खा नाताळ घराला कांद्याचा वास.”

लिदिया हसली नाही. ती विचार करत होती. “म्हणजे येतोच?”

“येतोच.”

“हात असून कुणी आलंच नाही, असं झालं नाही कधी?”

“नाही झालं,” मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

“मग माझ्या आईचा हात पायजे.”

“अगं, तुझी आई तर येणारच आहे.”

“हात असला म्हंजी नक्की.” तिनं वरच्या टोकावर बोट ठेवलं. “हे रिकामंच आहे.”

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आई पाठमोरी होती. कोऱ्या टोकाकडे बघून बघून मलाही सकाळपासून कसंतरी होत होतं. तिथं कुणाचा तरी हात यावा, असं मला वाटलं का, की लिदियाला नाही म्हणवलं नाही, ते आजही नीट सांगता येत नाही.

“पण आई इथं नाही ना. हात कुठून आणायचा?”

“तुझा घे. पण तुझा बारीक आहे. बोटं फाकव. अजून. आणि करंगळी वाकव. आईची करंगळी दारात सापडली होती, ती तशीच राहिली.”

मी करंगळी वाकवली. वर्तमानपत्रावर उमटवून बघितली. “अशी नाही, आतल्या अंगाला.” पुन्हा उमटवली. शमू वाकून बघत होता. तिसऱ्या खेपेला त्यानं मान डोलावली.

“आता फक्त खरखरीत नाही,” लिदिया म्हणाली.

“काय?”

“आईचा हात खरखरीत आहे. तुझा गुळगुळीत आलाय.”

“वेडे, खरखरीतपणा कागदावर येत नसतो.”

“येतो.” ती उठली, आत गेली आणि करंजीच्या सारणासाठी काढलेला रवा मूठभर घेऊन आली. माझ्या ओल्या निळ्या तळव्यावर तिनं तो मीठ भुरभुरावं तसा टाकला. “आता लाव.”

मी वरच्या टोकावर हात दाबला. हात काढल्यावर रव्याचे कण गळून पडले आणि जिथं जिथं ते होते तिथं तिथं पांढरे ठिपके राहिले. वाकड्या करंगळीचा, खरखरीत, निळा हात.

“हां,” लिदिया म्हणाली. “आली.”

शमूनं त्या हातावर आपला गाल टेकवला. नीळ अजून ओली होती, त्याच्या गालाला रव्याचा एक निळा कण चिकटला.

आई पदराला हात पुसत बाहेर आली ती चांदणीपाशी येऊन थबकली. वरच्या टोकाकडे बघत राहिली. बाबा फाटकातून आत येत होते, तेही थांबले.

“हा कुणाचा?” आईनं विचारलं.

“माझ्या आईचा,” लिदियानं सांगितलं.

आई काही बोलणार होती. बाबा म्हणाले, “असू दे, मंदा.” आणि चांदणी उचलून वाळायला सावलीत ठेवली.

चोवीस तारखेला सकाळपासून दोघं फाटकावर. आईनं लिदियाच्या दोन वेण्या घातल्या होत्या, शमूच्या केसांना इतकं तेल लावलं होतं की ऊन पडलं की तो चमकायचा. संध्याकाळी गाणारी मंडळी पेटी-ढोलकी घेऊन घरोघर फिरत आमच्या अंगणात येणार होती, आणि गेल्या वर्षीप्रमाणे आमच्या अंगणात एक गीत मी एकटी म्हणणार होते. मी करंज्यांच्या कडा दुमडत तेच गुणगुणत होते.

दुपार कलली तेव्हा बाबांचा फोन वाजला. ते बोलत बोलत मागच्या दाराकडे गेले. आवाज एकदम खाली आला. “हो... नाही, नाही, तुम्ही काळजी करू नका... लेकरांना देऊ का?... बरं. नको तर नको.”

ते आत आले आणि पाटावर बसले. “आजीबाईंना दवाखान्यात हलवलंय. यमुनाताईला सोडत नाहीत. मालकीणबाई म्हणतात, आजीबाई हिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. दोन दिवस तरी निघता येणार नाही.”

“लेकरांशी बोलली नाही?” आईनं विचारलं.

“म्हणाली, माझ्याच्यानं होणार नाही. आवाज ऐकला तर मी इथंच बसून रडेन. तुम्हीच सांगा.”

कढईत करंजी तडतडत होती. आईनं ती उलटली. “आज नको सांगायला,” ती म्हणाली. “सण होऊ दे. त्यांचं एक जेवण तरी गोड होऊ दे. परवा सांगू हळूच.”

“आणि तोवर विचारलं तर?” मी म्हणाले.

“येतेय म्हणायचं. रस्त्यात आहे म्हणायचं.”

माझ्या हातातली करंजी उसवली. सारण परातीत सांडलं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर कढईकडे वळवली.

तेवढ्यात दारात लिदिया. “ताई, आई कुठवर आली असंल?”

मी तोंड उघडलं. त्या वर्षी पहिल्यांदाच मला आवाज सापडेना.

“शिरूर सोडलं असेल बघ,” आई पाठमोरीच म्हणाली.

“शमू,” लिदिया पळत ओरडत गेली, “आई शिरूरच्या पुढं आली.”

मी बाहेर येऊन ओट्यावर बसले. काय करावं कळत नव्हतं. पुण्याला जाऊन तिला आणावं इतकी मी मोठी नव्हते, आणि दवाखान्यातल्या त्या आजीबाईंना बरं करणंही माझ्या हातात नव्हतं. फाटकासमोरून रिक्षा गेली की दोघं एकदम उभी राहायची, रिक्षा निघून गेली की एकदम खाली बसायची. थोड्या वेळानं लिदिया पुन्हा आली. या वेळी तिनं बाबांना धरलं, कारण बाबा ड्रायव्हर, त्यांना रस्ता माहीत.

“काका, आता कुठं?”

बाबांनी खूप वेळ चपलेचा पट्टा नीट केला. “सुप्याला असेल आता.”

“सुप्यापासून किती लांब?”

“फार नाही.”

ती मला सांगायला आली. मी मान हलवली. नुसती मान हलवायलाही मला जोर लावावा लागला. खोटी गाडी खऱ्या रस्त्यानं पुढं पुढं येत होती, तिच्यात कुणी बसलेलं नव्हतं, आणि मला ती थांबवता येत नव्हती.

दिवस मावळायला लागला. लिदिया म्हणाली, “चांदणी लावा ना. नाहीतर आईला घर कसं सापडंल?”

बाबांनी चांदणी अंगणातल्या खांबाला टांगली आणि आतला दिवा लावला. पांढरा कागद उजळला, त्यावर सगळ्यांचे हात काळेनिळे दिसायला लागले. वरचा हात मात्र वेगळा होता. रव्याच्या कणांनी सोडलेल्या ठिपक्यांतून उजेड येत होता. अख्खा हात बारीक बारीक चमकत होता.

“आता लांबून दिसंल,” लिदिया म्हणाली. मग तिनं पुन्हा विचारलं, “काका, आता?”

“केडगावला,” बाबा म्हणाले. “सणाची गर्दी असते केडगावात.”

लिदियानं शमूचा हात घट्ट धरला. “केडगावच्या पुढं आपलंच घर,” ती त्याला म्हणाली. आणि दोघं फाटकाच्या गजांना चिकटून उभी राहिली.

कोपऱ्यावरून ढोलकीचा आवाज यायला लागला. मंडळी शेजारच्या गल्लीत आली होती. आई बाहेर येऊन म्हणाली, “स्तुती, ओढणी नीट घे, तुझं गीत आधी आहे.”

मला एक वर्षापूर्वीचं तेच अंगण दिसत होतं. तोच खांब. आजोबांना पुण्याच्या दवाखान्यात नेलं होतं, पण जायच्या आधी त्यांनी निळीत हात बुडवून वरच्या टोकावर लावला होता, नियम म्हणजे नियम. चोवीस तारखेला मी दिवसभर विचारत होते, आजोबा कुठवर आले? आणि आई सांगत होती, शिरूर सोडलं. सुप्याला आले. केडगावला पोचले. ते सगळं खरं होतं. मी ह्याच ओट्यावर उभी राहून एकटीनं गीत म्हटलं, अगदी मोकळ्या गळ्यानं, आजोबांना फाटकातूनच ऐकू जावं म्हणून. समोर उभी असलेली मंडळी माझ्याकडे बघत नव्हती, सगळ्यांच्या माना खाली होत्या, आणि मला वाटलं, किती भक्तीनं ऐकतायत. शेवटचं कडवं संपायच्या आत रुग्णवाहिका आली. तिचा दिवा बंद होता. आजोबा दुपारीच गेले होते. सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून. त्यांनी मला गाऊ दिलं होतं, सण होऊ दे म्हणून. आजोबांना आत ठेवलं तेव्हा मी त्यांचा हात उघडून पाहिला. तळवा अजून निळसर होता.

म्हणून मी लिदियाला म्हणाले होते ना, असं कधी झालं नाही. चांदणीवर हात असलेला माणूस आमच्याकडे येतोच.

मी ओट्यावरून उतरले. आईनं माझं मनगट धरलं. तिनं ओळखलं होतं.

“लहान आहे गं ती,” आई हळू म्हणाली. “तिला आज सांगून काय मिळणार? आई थोडीच येणार आहे?”

“नाही येणार.”

“मग?”

“मी पण लहानच होते, आई.”

आईचा हात सैल पडला. बाबा खांबाला टेकून उभे होते, तोंड रस्त्याकडे. ढोलकी आता आमच्या वळणावर आली होती. मला रिबिकाचा आवाज ओळखू येत होता, प्राचीचा पण. फाटकाशी शमू टाचा उंचावून बघत होता आणि लिदिया त्याला म्हणत होती, आता बघ हां, आता.

मला भाषण येत होतं, गाणं येत होतं, भर मंडळीत प्रश्न विचारता येत होते. त्या फाटकापर्यंत जाऊन काय बोलायचं असतं, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. सांगितल्यानं काहीही चांगलं होणार नव्हतं, हेही मला कळत होतं.

“आई, बाबा,” मी म्हणाले, “मंडळींना सांगा, आज माझं गीत नाही. मी जाऊन लिदियाला सांगते, की केडगावला कुणी पोचलेलं नाही, तिची आई आज येणार नाही. आणि मग ती जेवढा वेळ फाटकाशी बसेल, तेवढा वेळ मी पण तिथंच बसणार आहे.”